हिराताईंनी लिहिलेलं वाक्य

हिराताई गावंड यांच्यावर अन्याय झाला तो त्या वारल्यानंतर. त्यांच्या दहाव्याच्या दिवशी सकाळी, कोपरखैरण्याच्या नाक्यावर भाजीवाले हातगाड्या लावत होते तेव्हा, दोन पोरं शिडी घेऊन आली आणि विजेच्या खांबाला त्यांचा फ्लेक्स बांधून गेली. फोटो कुठल्यातरी लग्नातला, कापून घेतलेला. खांद्यावर कुणाचातरी अर्धा हात तसाच राहिलेला. खाली मजकूर: 'आमच्या परिवाराचा आधारवड, स्वेच्छानिवृत्त कार्मिक अधिकारी श्रीमती हिराताई गावंड यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन. समाजात कधीही न भरून येणारी पोकळी. शोकाकुल, जितूशेठ मित्रमंडळ.' आणि बाजूला जितूशेठचा फोटो, हिराताईंच्या फोटोपेक्षा मोठा.

आता एकेक घेऊ. आजार अल्पसा नव्हता. दिवाळीत त्या अंथरुणाला खिळल्या आणि पुढच्या वर्षीचे गणपती गेल्यावर गेल्या. मधला सगळा काळ त्यांनी श्वास ओढण्यात घालवला. त्या अधिकारी नव्हत्या, कारकून होत्या, आणि कुणी 'मॅडम ऑफिसर होत्या' म्हटलं की तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. स्वेच्छेने निवृत्त झाल्या नाहीत, त्यांना काढलं. आणि जितूशेठच्या परिवाराशी त्यांचा संबंध एवढाच, की जितूशेठ तळोज्याच्या कारखान्यांना कंत्राटी माणसं पुरवतो आणि एका वाक्यावरून हिराताई त्याच्या समोर बसल्या होत्या. तेच सांगायचंय.

मी त्या फ्लेक्ससमोर उभी राहिले. मला राग यायला हवा होता. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते, वाटते, भिंतींना चिकटवते. राग हा माझा रोजचा धंदा आहे. पण काही आलं नाही. रडूही नाही. मी नुसतं वाचलं, पुन्हा वाचलं आणि मनातल्या मनात एकेक शब्द काढत गेले. शेवटी खांबावर त्यांचं नाव राहिलं आणि तो अर्धा हात.

त्यांची माझी पहिली भेट चहावरून झाली. पिऊन नाही. तुर्भ्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा चहा बंद केला होता आणि मी त्यावर पत्रक लिहिलं होतं. आमच्या कामगार संघटनेचा नियम होता की छापायच्या आधी मजकूर हिराताईंना दाखवायचा. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं असतील कुणी व्याकरणवाल्या बाई.

कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांच्या एका गल्लीत, उंबऱ्यात पाट टाकून त्या करंदी, म्हणजे बारकी कोलंबी, सोलत बसल्या होत्या. पुढ्यात परात, शेजारी मांजर. मी कागद पुढे केला तर त्यांनी कोलंबीने बरबटलेले हात दाखवले.

"वाच."

मी वाचलं. सभेत वाचतात तसं, आवाज चढवून. 'रक्तपिपासू व्यवस्थापनाचा नरसंहारी डाव उधळून लावा' असा मथळा होता. त्यांचे हात थांबले.

"काय बंद केला? जेवान का चहा?"

"चहा. रात्रपाळीचा."

"नि यो नरसंहार."

"ताई, जोर यायला हवा ना."

"जोर हाय तुज्यात, तो ठेव. उद्या कोन मेला तं कनचा शब्द वापरशील गो? समदे खर्चून बसलीस चहावं."

मांजराने तेवढ्यात एक करंदी पळवली. हिराताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पुढं वाच," म्हणाल्या.

मी पुढे वाचलं, आणि मला त्यांची पद्धत कळली. त्यांच्या हातात पेन नसायचं. शब्द ठीक असला की हात चालायचे. नसला की थांबायचे. बस. काय चुकलं ते तुम्ही शोधायचं. सापडलं नाही तर त्या थांबूनच राहायच्या आणि मासे वास मारायला लागायचे. त्या दिवशी माझं पानभर पत्रक आठ-दहा ओळींवर आलं. त्यात चहा बंद केला हे होतं, कुठल्या मॅनेजरने केला हे होतं, आणि पहाटेपर्यंत ॲसिडच्या वासात उभं राहणाऱ्या माणसाला त्या चहाचं काय असतं हे, त्याच माणसाच्या शब्दांत. चहा परत सुरू झाला. पत्रकामुळे झाला असं मी लिहिणार नाही. झाला.

विशेषणांवर त्यांचा विशेष राग. उरणच्या बाजूचं माहेर, खाडीकाठी वाढलेल्या. म्हणायच्या, "शिळे मच्छीवं पानी मारतान ना, चमकावी म्हून, तसा हाय यो. ताजी असली तं मारावा लागत नाय." मग मी वैतागून विचारायचे, 'अन्याय' तरी लिहू का नको? त्या विचार करायच्या. "काय झाला ते लिव. वाचनारा सोता बोलेल अन्याय. त्याच्या तोंडातला घास तू कशाला खातंस?"

बोलणं सगळीकडे असंच, आगरी. मोर्चात, कचेरीत, साहेबासमोर, डॉक्टरसमोर. लिहायला बसल्या की मात्र स्वच्छ, सगळ्यांना कळेल अशी मराठी. कुणी टोकलं की सांगायच्या, बोलायचा तो आपल्या घरचा, लिहायचा तो सगल्यांचा.

आणि त्यांचा तो प्रश्न. कोनी?

सेक्टरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकायचं, 'बागेतील झाडे तोडण्यात आली आहेत.' खाली जोडलेल्या हातांची रांग, रडक्या तोंडांची रांग. मध्येच हिराताई, बोलतात तशाच: 'कोनी?' 'गटाराचे काम रखडले आहे.' 'कोनी?' 'उद्या पाणीपुरवठा होणार नाही.' 'कोनी बंद केला?' शेवटी ग्रुपच्या सेक्रेटरीने त्यांना काढून टाकलं. मी भेटायला गेले तर खूश होत्या. फोन पुढे केला. ग्रुपमधून काढलं की ते ॲप काढणाऱ्याचं नाव दाखवतं.

"यो मशीन बरा," म्हणाल्या. "नाव लिवतो."

आता त्यांच्या नोकरीचं. हे त्या प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगायच्या, पहिल्या आठवड्यातच, उन्हात वाळत घातलेले कपडे काढताना सांगावं तशा आवाजात. मलाही सांगितलं.

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्या कार्मिक विभागात कारकून होत्या. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकीचं नाव वाचलं की बाकीच्या सुटकेचा निःश्वास टाकतात. साहेब लोक हिंदी-इंग्रजी बोलायचे. काय झालं ते साहेब सांगणार आणि त्याची मराठी नोटीस हिराताई करणार. त्या कामात त्या हुशार होत्या. माणसं कामावरून काढली की त्या 'सेवा संपुष्टात आली' लिहायच्या. वायू गळून गावातल्या लोकांना उलट्या झाल्या, त्यांनी लिहिलं 'काही ग्रामस्थांनी वासाबाबत तक्रार केली'. ओव्हरटाइम लादला की 'सहकार्य अपेक्षित आहे'. साहेब म्हणायचा, गावंड मॅडम, तुम्ही लिहिलं की कुणाला राग येत नाही.

"नि खरंच नाय यायचा," त्या म्हणाल्या. "लोक वाचायचे नि घरी जायचे. मना बरा वाटायचा. काम नीट झाला म्हून."

मग एक पोरगा छपरावरचा पत्रा फुटून खाली पडला आणि मेला. साहेबाने सांगितलं, त्याचीच चूक होती असं काहीतरी बनवा, पण सभ्य. त्यांनी वाक्य बनवलं. वाक्य इतकं बरं जमलं की पुढे तसं काही झालं की तेच काढायचे, नुसतं नाव बदलायचे. मग एकाचा हात जळाला. साहेब म्हणाला, तेच टाका. पण 'हातमोजे संपलेत, मागवा' ही चिठ्ठी त्याआधी त्यांनीच टाइप करून वर पाठवली होती आणि हातमोजे आले नव्हते. त्यांनी लिहिलं, 'हातमोजे दिले नव्हते, म्हणून हात जळाला.' साहेबाने फाडलं. त्यांनी पुन्हा तेच टाइप केलं.

त्या महिन्याच्या अखेरीस त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, ग्रुप फोटो. हातात पत्र: 'आपण वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने दिलेला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे.' राजीनामा त्यांनी दिलाच नव्हता.

"पत्र कोणी लिहिलं होतं?" मी विचारलं. त्यांच्याकडूनच शिकले होते.

"माज्याच टेबलावरच्या नव्या पोरीनी. चांगला लिवला होता. मीच शिकवलेला."

शाल त्या हिवाळ्यात वापरायच्या. मांजर तिच्यावर झोपायचं.

दत्ता मेला तो मे महिन्यात. जितूशेठचा कंत्राटी कामगार. तळोज्याच्या त्याच कंपनीत, जिने हिराताईंना काढलं होतं, रसायनाची टाकी साफ करायला आत उतरला. आत वायू होता, तो आत उतरायच्या आधी तपासायचा असतो, तपासला नव्हता. कमरेला पट्टा नव्हता. वर ओढून काढेपर्यंत संपला होता. कंपनीच्या गेटवर नोटीस लागली: 'दुर्दैवी घटनेत आपले सहकारी श्री. दत्ता यांचे निधन झाले. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.'

मी त्याच दिवशी पत्रक लिहायला बसले. या वेळी शब्द खर्चायला हरकत नाही असं वाटलं. 'हुतात्मा दत्ता अमर रहे. भांडवलशाहीच्या वेदीवर आणखी एक बळी. तुझ्या रक्ताचा हिशोब घेऊ.' छान झालं होतं. वाचताना माझाच गळा भरून आला.

हिराताईंनी ऐकूनच घेतलं नाही. "तिच्या घरी जाऊन वाच," म्हणाल्या. हाही त्यांचा नियम. ज्याच्यावर गुदरली त्याच्या घरात वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही.

शोभा, दत्ताची बायको, तळोज्याजवळच्या गावात भाड्याच्या खोलीत राहायची. मूळची सोलापूरकडची. मुलगी आरोही, दुसरीत. खोलीत नातेवाईक दाटीने बसलेले. हिराताई आत शिरल्या, कुणाला नमस्कार नाही, सांत्वन नाही. थेट मोरीत जाऊन चहाचे कप विसळायला बसल्या. मयताच्या घरी त्या असंच करायच्या. मी भिंतीला टेकून वाचलं.

शोभा शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "ह्यो कोन?"

मला कळलं नाही.

"न्हाई म्हंजे, छान हाय. पर ह्यो कोन हुतात्मा? आरूचे पप्पा टाकी साफ कराया गेलते. त्येंस्नी जायाचं नव्हतं. दुपारी फोन केलता, म्हनले, सुपरवायझर म्हनतोय उतर, न्हाई तर उद्यापासून येऊ नको. म्या म्हनलं, मग उतरू नगा. तर म्हनले, आरूची शाळा हाय जूनपासनं." ती थांबली. "हुतात्मा लोक असं घाबरत्यात व्हय?"

मोरीतला कपांचा आवाज थांबला होता.

मी कागद घडी करून पिशवीत टाकला. कंपनीने दत्ताला 'दुर्दैवी' केलं होतं, मी 'अमर' केलं होतं. जो माणूस फोनवर घाबरून बायकोशी बोलला, तो दोन्हीत नव्हता. हे मला तेव्हा सुचलं नाही, आता लिहिताना दिसतंय. तेव्हा मला फक्त लाज वाटली आणि हिराताई ओले हात पदराला पुसत येऊन शोभाशेजारी बसल्या. "फोनचा परत सांग बाय," म्हणाल्या. "हलू सांग. ही लिवतं."

पत्रक छापलं ते असं: 'दत्ता टाकीत उतरायला तयार नव्हता. त्याने दुपारी बायकोला फोन केला. सुपरवायझर म्हणाला, उतर, नाहीतर उद्यापासून येऊ नको. टाकीतला वायू कोणी तपासला? कोणीच नाही. पट्टा कोणी दिला? कोणीच नाही. दत्ताची मुलगी दुसरीत आहे.' एवढंच. आमच्यातले काही म्हणाले, यात दम नाही, घोषणा नाही. कंपनीच्या गेटवर वाटलं तेव्हा पाळी सुटली होती. माणसं कागद घ्यायची, चालता चालता वाचायची आणि मग चालायची थांबायची. एरवी आमची पत्रकं गेटपासून बसस्टॉपपर्यंत रस्त्यावर पडलेली असतात. त्या दिवशी रस्ता साफ होता.

पावसाळ्यात जितूशेठ स्वतः शोभाच्या खोलीवर आला. सरकारी चौकशी सुरू झाली होती आणि शोभाचा जबाब हवा होता. त्याने तो टाइप करूनच आणला होता. शोभाने सही करायच्या आधी हिराताईंना फोन केला. आम्ही रिक्षाने पोचलो तेव्हा जितूशेठ खुर्चीत बसून पेढे काढत होता, मुलीसाठी आणलेले.

"या मावशी," तो म्हणाला. "बरं झालं आलात. तुम्ही तर कंपनीतल्या, तुम्हाला समजतं. हिला टेन्शन आलंय उगाच. फॉर्मॅलिटी आहे."

"वाच गो," हिराताई मला म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत वालाच्या शेंगा होत्या, येताना घेतलेल्या. त्या मांडीवर घेऊन सोलायला लागल्या.

मी वाचलं. नाव, पत्ता, लग्न कधी झालं. हात चालू होते. मग ते वाक्य आलं: 'वारंवार सूचना देऊनही माझे पती दत्ता यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सदर टाकीत प्रवेश केल्याने दुर्दैवी घटना घडली.'

हात थांबले. पण या वेळी त्या शब्द शोधायला सांगत नव्हत्या. तोंडाकडे पाहिलं तर रंग उतरलेला.

"परत."

मी परत वाचलं.

"कोनी लिवला ह्या?" त्यांनी जितूशेठला विचारलं.

"असंच लिहायची पद्धत असते मावशी. ऑफिसात तयार असतं. नाव टाकायचं फक्त."

"पद्धत कोनी पाडली?"

तो हसला. "आता ते मला काय माहीत? जुनी पद्धत आहे."

"मी पाडली," हिराताई म्हणाल्या. "वाक्य माजा हाय."

जितूशेठ हसतच राहिला, कारण काय करावं ते त्याला समजेना. शोभा माझ्याकडे पाहायला लागली. हिराताई शेंगांकडे बघत बोलत होत्या. "छपरावरून पोरगा पडला तवा लिवला. साहेब बोलला होता 'सूचना देऊनही'. 'वारंवार' मी घातला. एक डाव सांगून ऐकला नाय तं मानूस विसरला आसल. वारंवार सांगून ऐकला नाय तं तो हट्टी. एक शब्द घातला नि मेलेला पोरगा हट्टी झाला. साहेब बोलला, वा." मग शोभाकडे वळल्या. "तुज्या नवऱ्याला कोनी येकदा तरी बोलला का, उतरू नको?"

"म्याच बोलले," शोभा म्हणाली. "फोनवर. दुसरं कोन?"

जितूशेठने घसा साफ केला. "मावशी, एका शब्दाने काय होतं? तिला पुढचं आयुष्य काढायचंय. कंपनी काय ते बघेल."

शोभाने कागद माझ्या हातातून घेतला. तिला वाचता येतं, सावकाश. तिने बोट ठेवून वाचलं. मग आरोहीकडे पाहिलं. ती दारात बसून पेढ्याच्या डब्यावरचं चित्र बघत होती.

"ही मोठी झाली की ह्ये वाचल," शोभा म्हणाली. "तिला वाटल, पप्पानं आयकलं न्हाई. समद्यांनी सांगून बी." तिने कागद परत जितूशेठच्या मांडीवर ठेवला. "म्या सही करनार न्हाई. ह्यो माझा शब्दच न्हाई."

तो गेला. डबा विसरून गेला का ठेवून गेला, मला सांगता येणार नाही. हिराताई म्हणाल्या, पेढ्यांचा काय दोष, आणि आरोहीला दिले.

दसऱ्याच्या आधी हिराताईंनी बेलापूरला चौकशी अधिकाऱ्यांसमोर स्वतःचा जबाब दिला. शोभा साक्षीदार असणार हे ठरलेलं होतं. हिराताईंना कुणी बोलावलं नव्हतं. मी नको म्हणत होते. कंपनीचा वकील म्हणेल, काढून टाकलेली बाई आहे, सूड उगवते. त्या म्हणाल्या, बोलू दे, काढलेली तं हाय मी.

कंपनीतर्फे चौकशीत दिलेल्या कागदातही तेच वाक्य होतं, 'माझे पती'च्या जागी 'सदर कामगार'. अधिकारी थकलेले गृहस्थ होते. टेबलावर फायलींचे ढीग, मागे डुगडुगणारा पंखा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता ते असेल. पण हे वाक्य तर कितीतरी फायलींत असतं."

"म्हून तं आलंय," हिराताई म्हणाल्या. "साहेब, तळोज्यात मेलेले समदे सारखेच हट्टी कसे?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग शेजारच्या टायपिस्टला म्हणाले, "घ्या. बाई सांगतात तसं घ्या. त्यांच्याच शब्दांत." हिराताईंनी सांगितलं: हे वाक्य मी लिहिलं. दत्ता तळोज्यात यायच्या आधी लिहिलं. दुसऱ्या माणसासाठी लिहिलं, आणि त्या माणसालाही कुणी सूचना दिली नव्हती. कोणी लिहायला लावलं, त्याचं नाव सांगितलं. मी ते केलं, हेही सांगितलं. त्यात 'नाइलाजाने' नव्हतं. टायपिस्ट मुलीने आपल्या मनाने तो शब्द घातला होता. सही करायच्या आधी हिराताईंनी तिला तो काढायला लावला. "नाइलाज नव्हता गो," म्हणाल्या. "पगार होता."

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. त्यांना जिना उतरताना धाप लागली होती, मी त्याचा दोष उन्हाला दिला. दिवाळीत कळलं, फुफ्फुसं गेली होती.

मला लिहायचं आहे की तळोज्याच्या हवेने त्यांना मारलं. हे वाक्य माझ्या डोक्यात तयार आहे आणि ते चांगलं आहे. पण डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, कारणं अनेक असतात, सांगता येत नाही. म्हणून एवढंच लिहिते: त्या तरुणपणापासून त्या कारखान्यात बसल्या, त्यांच्या खिडकीसमोर धुराची चिमणी होती, आणि त्या फुफ्फुसांच्या आजाराने गेल्या. पुढचं तुम्ही बोला. घास तुमच्या तोंडातला आहे.

शेवटचं पाहिलं ते वाशीच्या रुग्णालयात, गौरी गेल्यानंतरच्या दिवसांत. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे मिटलेले. मी शोभाच्या वतीने चौकशी लवकर संपवण्याचा अर्ज लिहिला होता, तो घेऊन गेले होते. ऐकू येतंय का हेही माहीत नव्हतं. दुसरं काय करणार म्हणून वाचायला लागले. चादरीवरची त्यांची बोटं हलत होती. अंगठा तर्जनीवर घासत, काहीतरी सोलत असल्यासारखी. नर्स म्हणाली, तसं होतं पेशंटचं, काही अर्थ नसतो त्याला.

मी वाचत होते. '…या सर्व काळात खंबीरपणे उभ्या राहिलेल्या शोभा यांनी…' बोटं थांबली.

मीही थांबले. वॉर्डात कुणाचातरी फोन वाजत होता.

"खंबीर काढू?" मी विचारलं.

मास्कच्या आतून आवाज आला. कान जवळ नेला. "ती रडतं बी," त्या म्हणाल्या. "रडू दे तिला."

मी शब्द खोडला आणि पुढे वाचलं. बोटं पुन्हा हलायला लागली. अर्ज संपेपर्यंत हलत राहिली. मग भेटायची वेळ संपली, रखवालदाराने सगळ्यांना बाहेर काढलं, आणि मी दारातून वळून पाहिलं तेव्हा त्या तशाच होत्या, डोळे मिटलेल्या, बोटं चालू. त्यानंतर मला कळलं ते फोनवरून.

फ्लेक्स मी फाडला नाही. फाडला असता तर बातमी फ्लेक्सची झाली असती. पावसाने त्याचा एक कोपरा सुटलाय आणि तो खांबावर आपटत असतो. मी रोज त्याच्याखालून जाते. अजूनही काही वाटत नाही. वाटेल तेव्हा वाटेल.

दत्ताच्या मृत्यूच्या चौकशीचा अहवाल अजून लिहून झालेला नाही. कचेऱ्यांत टाइप करणाऱ्या सविता, नीलेश, प्राजक्ता, जे काही तुमचं नाव असेल ते, तो तुमच्यापैकीच कुणीतरी टाइप करणार आहे. हा नाही तर दुसरा. तुर्भ्यात, तळोज्यात, उरणच्या गोदामांत, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ते वाक्य तयार आहे, नाव टाकायची जागा रिकामी ठेवून. तुम्ही ते बनवलेलं नाही. बनवणारी बाई येऊन सांगून गेली आहे. उद्या साहेब म्हणेल, तेच टाका. तेव्हा विचारा: सूचना कोणी दिली? त्याचं नाव काय? उत्तर आलं तर ते नाव लिहा. नाही आलं, तर 'वारंवार'पाशी याल तेव्हा हात थांबवा.